साखारोव : बॉम्ब बनवणारा आणि माणसं सोडवणारा

चार वर्षांत आपल्याला यंत्र कसं बनवायचं ते शिकवतात. ते कशासाठी बनवायचं, हा प्रश्न पेपरात येत नाही. आंद्रेई साखारोव यांच्यापुढे तो आला आणि त्यांनी तो ऑप्शनला टाकला नाही.

२१ मे १९२१ रोजी मॉस्कोत त्यांचा जन्म झाला. वडील फिजिक्सचे शिक्षक. १९४२ मध्ये पदवी मिळाल्यावर साखारोव उल्यानोव्स्कच्या दारूगोळा कारखान्यात इंजिनिअर म्हणून लागले. १९४८ पासून ते सोव्हिएत हायड्रोजन बॉम्बच्या कामात होते. १९५३ मध्ये चाचणी यशस्वी झाली आणि अवघ्या ३२व्या वर्षी ते विज्ञान अकादमीचे सदस्य झाले. फ्यूजनसाठी वापरतात त्या टोकामाकची मूळ कल्पनाही त्यांची आणि त्यांचे गुरू इगोर ताम यांची.

पैसा, मान, सरकारी किताब, सगळं होतं. पण १९५५ च्या चाचणीत एक लहान मुलगी आणि एक सैनिक दगावले. पुढे साखारोव यांनी हवेत पसरणाऱ्या किरणोत्सर्गाने किती माणसं मरतील याचं गणित मांडलं आणि अशा चाचण्या थांबवा म्हणून ते वरिष्ठांच्या मागे लागले. १९६३ मध्ये चाचणीबंदीचा करार झाला खरा, पण तो भूमिगत चाचण्यांना लागू नव्हता. १९६८ मध्ये विचारस्वातंत्र्यावरचा त्यांचा निबंध परदेशात छापून आला आणि गुप्त संशोधनाचं दार त्यांना बंद झालं.

१९७० मध्ये त्यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर मानवी हक्क समिती स्थापन केली. बंद दाराआड खटले चालत, तेव्हा हा अकादमीचा सदस्य कोर्टाबाहेर थंडीत उभा राही. १९७४ मध्ये त्यांना फ्रान्सचा चिनो देल दुका पुरस्कार मिळाला. एका प्रकाशकाच्या स्मरणार्थ त्याच्या पत्नीने तो सुरू केला होता आणि पुढे त्यांच्या फाउंडेशनतर्फे तो दिला जाऊ लागला. या पैशातून साखारोव यांच्या पत्नी येलेना बॉनर यांनी राजकीय कैद्यांच्या मुलांसाठी निधी उभारला. बाप तुरुंगात गेला की घरात काय शिजणार, याचा विचार फार थोडे लोक करतात.

१९७५ चं शांततेचं नोबेल घ्यायला सरकारने त्यांना जाऊ दिलं नाही. बॉनर यांनी ते ऑस्लोत स्वीकारलं. त्या वेळी साखारोव विल्नियसला मित्राच्या खटल्यासाठी गेले होते. जानेवारी १९८० मध्ये त्यांना खटला न चालवताच गॉर्की शहरात धाडलं. किताब काढून घेतले. उपोषण केलं तर जबरदस्तीने अन्न भरवलं. डिसेंबर १९८६ मध्ये अचानक घरात फोन बसवला गेला आणि गोर्बाचेव्ह यांनीच सुटकेची बातमी दिली. साखारोव यांनी त्याच फोनवर बाकीच्या कैद्यांचा विषय काढला!

१९८९ मध्ये ते लोकप्रतिनिधी म्हणून निवडून आले आणि त्याच वर्षी १४ डिसेंबरला गेले. मॉस्कोतलं त्यांच्या नावाचं केंद्र २०२३ मध्ये बंद करण्यात आलं. म्हणजे त्यांचं काम अजून संपलेलं नाही.

उद्या आपल्यापैकी कुणी मोठ्या प्रोजेक्टवर असेल. तेव्हा कॅल्क्युलेशन बरोबर आलं म्हणून लगेच फाईल बंद करू नका. त्या आकड्यांमागे माणसं किती, तेही एकदा मोजा.