आधी स्वतःच्या दंडावर : वाल्डेमार हाफकिन

मुंबईत परळला हाफकिन संस्था आहे, हे पुष्कळांना ठाऊक असते. आपल्या पिंपरीतही याच नावाच्या औषध महामंडळाचे केंद्र आहे. परंतु हाफकिन हे एका परदेशी माणसाचे नाव आहे आणि त्याने ऐन उमेदीची वर्षे आपल्या देशातील साथींशी झुंजण्यात घालवली, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत असेल?

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी ओडेसा येथे झाला. ज्यू असल्यामुळे झारच्या राज्यात विद्यापीठीय प्रगतीची वाट त्यांना बंद होती. ते पॅरिसला गेले व पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात साध्या नोकरीवर लागले. फावल्या वेळात प्रयोग करता करता १८९२ मध्ये त्यांनी पटकीची लस तयार केली आणि प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९३ मध्ये ते हिंदुस्थानात आले.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला. लोक शहर सोडून पळू लागले, गिरण्या ओस पडल्या. साथ पुण्यास पोहोचली. रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना प्लेग झाला व १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. घरे तपासण्यासाठी रँडने सोल्जर घरात घुसविले. त्या जुलमाने संतापलेल्या, चिंचवडच्या चापेकर बंधूंनी २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत रँडवर गोळी झाडली. रोग हटविण्यासाठी माणसाची अब्रू तुडविली की लोक औषधालाही शत्रू मानतात, हा त्या वर्षाचा धडा आहे.

त्याच सुमारास हाफकिन ग्रँट मेडिकल कॉलेजात मोजक्या माणसांनिशी काम करीत होते. रसात तुपाचे थेंब सोडून त्यावर ते प्लेगचे जंतू वाढवीत आणि उष्णता देऊन मारीत. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ही लस स्वतःला टोचून घेतली. त्यांना ताप आला, पण ते काम करीत राहिले. पुढे भायखळ्याच्या तुरुंगात साथ आली, तेव्हा स्वखुशीने लस घेणाऱ्या कैद्यांत आजार व मृत्यू कमी आढळले. ही लस पूर्ण संरक्षण देत नसे. तरी तिने असंख्य जीव वाचविले.

१९०२ मध्ये मात्र घात झाला. पंजाबातील मुल्कोवाल गावी एकाच बाटलीतील लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. ठपका मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला व हाफकिन यांना कामावरून दूर करण्यात आले. वस्तुतः गावात बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये त्यांची बाजू जाहीरपणे मांडली. हाफकिन निर्दोष ठरले. पण स्वतः उभारलेल्या मुंबईच्या प्रयोगशाळेचे प्रमुखपद त्यांना परत मिळाले नाही. १९२५ मध्ये त्या संस्थेला त्यांचे नाव दिले गेले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी लोझान येथे ते वारले.

विज्ञान पुढे गेले. प्लेगवर गुणकारी ठरलेले स्ट्रेप्टोमायसिन पुढे आपल्याच पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये बनले. पण माणसाच्या मनातील भीतीवर कोणत्याही कारखान्यात औषध बनत नाही. २०२१ मध्ये आमच्या चाळीत कोरोनाच्या लशीची धास्ती होती. माझी आजी शाळेत गेलेली नाही. आकडे तिला समजत नव्हते. आशाताईंनी स्वतः लस घेतल्याचे सांगितले, तेव्हा ती तयार झाली. आमच्या घरातून कॉलेजात येणारी मी पहिलीच. त्यामुळे मला वाटते, आपण शिकलेल्यांनी अडाणी म्हणून लोकांना हिणवू नये. त्यांच्या शंकेला उत्तर द्यावे, आणि जे सांगायचे त्याची सुरुवात हाफकिन यांच्याप्रमाणे स्वतःपासून करावी.