संत फ्रान्सिस द सेल्स आणि त्यांचे विरोधक

धर्मग्रामाच्या ज्युबिली महोत्सवानिमित्त आम्ही वाचकांपुढें संत फ्रान्सिस द सेल्स यांचें चरित्र ठेवीत आहों. भिन्न मताच्या मनुष्याशीं कसें बोलावें, हें त्यांच्यापासून शिकण्यासारखें आहे.

फ्रान्सिस यांचा जन्म २१ ऑगस्ट १५६७ रोजीं सव्हॉय प्रांतांतील एका उमराव घराण्यांत झाला. पॅरिस व पाडुआ येथें शिकून ते कायद्याचे पंडित झाले. पुत्रानें मोठा हुद्दा मिळवावा अशी पित्याची इच्छा होती. परंतु १५९३ सालीं त्यांनीं गुरुदीक्षा घेतली.

जिनीव्हा सरोवराच्या दक्षिण तीरावरील शाब्ले प्रांतांत त्या वेळीं बहुतेक लोक कॅल्व्हिनपंथी होते. १५९४ च्या सप्टेंबरांत फ्रान्सिस चुलतबंधु लुई यांस घेऊन तेथें गेले. आलँजच्या किल्ल्यांत राहावें व पायीं तोनों शहरीं जाऊन प्रवचन करावें, असा क्रम सुरू झाला. परंतु शेजारीपाजारी काय म्हणतील या भयानें ऐकावयास फारसें कोणी येईना. तेव्हां त्यांनीं श्रद्धेचे मुद्दे पत्रकांवर लिहून तीं दारांखालून घराघरांत सरकविलीं. जो मनुष्य चारचौघांत ऐकण्यास धजत नव्हता, त्यास एकांतांत वाचून विचार करण्याची मोकळीक मिळाली.

१५९७ सालीं पोप आठवे क्लेमेंट यांच्या इच्छेवरून ते जिनीव्हा शहरीं कॅल्व्हिनचे वारस थिओडोर बेझा यांस भेटले. बेझा अठ्ठ्याहत्तरीच्या घरांत होते, फ्रान्सिस तिशींतले. संभाषणें सभ्यपणें झालीं. बेझांनीं आपला पंथ सोडला नाहीं; तरी फ्रान्सिस पुन्हां त्यांच्या दारीं गेले.

१५९८ सालीं शाब्लेंतील हजारों लोक कॅथलिक धर्मांत परतले. यांत सव्हॉयच्या ड्यूकच्या सत्तेचा दाबही होता, हें झांकून ठेवणें योग्य नव्हे. तथापि सत्तेनें देऊळ भरतें, मन भरत नाहीं. मनें उघडलीं तीं चार वर्षांच्या चिकाटीनें व गोड वाणीनें, असें आम्हांस वाटतें.

१६०२ सालीं ते जिनीव्हाचे बिशप झाले. परंतु तें शहर कॅल्व्हिनपंथी असल्यामुळें त्यांस आन्सी येथें राहावें लागलें. २८ डिसेंबर १६२२ रोजीं लियों येथें त्यांनीं देह ठेविला. १६६५ मध्यें ते संत घोषित झाले, आणि १९२३ मध्यें पोप अकरावे पायस यांनीं त्यांस लेखक व पत्रकारांचे आश्रयदाते संत नेमिलें.

आमच्या घरांत व गांवकींतही मतभेद होतात, आणि कधीं कधीं भाऊ भावाचें दार बंद करितो. अशा वेळीं त्या दाराशीं पुन्हां जाण्याची नम्रता त्यांच्या मध्यस्थीनें आम्हां सर्वांस लाभो.