विश्लेषण : जंगलात रस्ता नको म्हणणारे वनाधिकारी, तरीही ‘त्यांच्या’ रानातून रस्ता का गेला?

अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात मिम्ब्रेस गावापासून उत्तरेकडे एक कच्चा वनरस्ता जातो. त्याचा क्रमांक १५० आणि नाव नॉर्थ स्टार रोड. उंच बांध्याची गाडी, भरलेली टाकी आणि सोबत पुरेसे पाणी असेल तरच इथे जावे, असा हा रस्ता. वाटेत तंबू ठोकण्याच्या मोजक्या जागा आहेत. रस्त्याच्या पश्चिमेला गिला वाइल्डरनेस आहे, तर पूर्वेला आल्डो लिओपोल्ड वाइल्डरनेस. वाइल्डरनेस म्हणजे रस्ते, बांधकाम आणि वाहनांना बंदी असलेले राखीव रान. ज्यांचे नाव या रानाला दिले आहे, त्या लिओपोल्ड यांना मधला हा रस्ताच नको होता. तरीही तो झाला आणि त्यामागे त्यांच्याच तरुणपणीच्या एका ठाम समजुतीचा वाटा होता.

कोण होते आल्डो लिओपोल्ड?

११ जानेवारी १८८७ रोजी आयोवा राज्यात, मिसिसिपी नदीकाठच्या बर्लिंग्टन गावात त्यांचा जन्म झाला. घरचा व्यवसाय लाकडी टेबले बनवण्याचा होता. वडिलांबरोबर शिकारीला आणि पक्षी पाहायला जाता जाता त्यांना रानाची ओढ लागली. येल विद्यापीठातून वनशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेऊन १९०९ मध्ये ते वन खात्यात रुजू झाले. खाते स्थापन होऊन तेव्हा जेमतेम चार वर्षे झाली होती. पहिली नेमणूक अ‍ॅरिझोनातील अपाचे राष्ट्रीय वनात झाली. तिथे फिरायचे ते घोड्यावरून, मुक्काम तंबूत आणि काम झाडांची मोजणी.

लांडगे मारण्यामागचे गणित काय होते?

त्या काळी वन खात्यात आणि शिकाऱ्यांत एक हिशेब पक्का होता. लांडगे कमी झाले की हरणे वाढतील आणि हरणे वाढली की शिकाऱ्यांची चंगळ. २२ वर्षांचे लिओपोल्डही हेच मानत. १९०९ मध्ये डोंगरकड्यावर जेवायला बसलेले असताना खाली नदी ओलांडणारी लांडग्याची मादी आणि तिची पिल्ले त्यांना दिसली. त्यांनी आणि सोबत्याने लगेच बंदुका चालवल्या. ते खाली पोहोचले तेव्हा ती मरत होती. तिच्या डोळ्यांतला हिरवा प्रकाश विझताना त्यांनी पाहिला. मात्र या प्रसंगावर लिहायला त्यांना ३५ वर्षे लागली. मधल्या काळात न्यू मेक्सिकोतील शिकाऱ्यांच्या संघटना उभ्या करताना त्यांनी लांडगे आणि पहाडी सिंह यांच्या निर्मूलनाचाच आग्रह धरला होता.

मोटार जंगलात कशी पोहोचली?

१९०८ मध्ये फोर्डची मॉडेल टी बाजारात आली आणि काही वर्षांतच मध्यमवर्गाला परवडू लागली. शनिवार-रविवारी गाडीत तंबू टाकून रानात मुक्कामाला जाण्याची टूम निघाली. वन खात्यानेही रस्ते, तळ आणि उन्हाळी घरांसाठी भूखंड देण्याचा सपाटा लावला. लिओपोल्ड या सगळ्याच्या विरोधात नव्हते. ग्रँड कॅन्यन वन खात्याकडे असताना तिथल्या पर्यटकांच्या सोयींचा आराखडा करण्यात त्यांचाही हात होता.

त्यांची चिंता वेगळी होती. ते नोकरीत आले तेव्हा अ‍ॅरिझोना आणि न्यू मेक्सिकोच्या राष्ट्रीय वनांत प्रत्येकी पाच लाख एकरांहून मोठे असे सहा रस्ताविरहित पट्टे होते. १९२० च्या दशकात त्यातला एकच उरला, तो म्हणजे गिला नदीच्या उगमाचा प्रदेश. रस्त्याने जाणाऱ्यांसाठी जंगले भरपूर होती. पायी किंवा घोड्यावरून दोन आठवडे भटकता येईल असे रान मात्र संपत चालले होते. रस्ता नंतर कधीही बांधता येतो, पण बांधलेला रस्ता सहसा कोणी उखडत नाही.

गिलाचा निर्णय कसा झाला?

१९१९ मध्ये लिओपोल्ड यांची भेट आर्थर कारहार्ट या वन खात्यातील आराखडाकाराशी झाली. कोलोरॅडोतील ट्रॅपर्स लेकभोवती घरांचे भूखंड पाडू नयेत, अशी शिफारस कारहार्ट यांनी नुकतीच केली होती. १९२१ मध्ये लिओपोल्ड यांनी वनशास्त्राच्या नियतकालिकात रस्ताविरहित राखीव रानाची कल्पना मांडली आणि पुढच्या वर्षी गिलाचा प्रस्ताव दिला. ३ जून १९२४ रोजी विभागीय वनप्रमुख फ्रँक पूलर यांनी त्याला मंजुरी दिली. सुमारे ७ लाख ५५ हजार एकर, म्हणजे तीन हजार चौरस किलोमीटरहून अधिक जंगल राखीव झाले. आपल्या मेळघाट व्याघ्र प्रकल्पापेक्षाही मोठे. मात्र हा कायदा नव्हता, खात्याचा एक निर्णय होता.

मग रस्ता झाला कसा?

लांडगे जवळपास संपले आणि हरणे खरोखरच वाढली. इतकी वाढली की चारा, झुडपे, कोवळी रोपे पुरेनात. हरणांची संख्या आटोक्यात आणायची तर शिकारी आत पोहोचले पाहिजेत आणि त्यासाठी रस्ता हवा, असे खात्याने ठरवले. १९३० च्या सुमारास नॉर्थ स्टार रस्ता झाला आणि गिलाचे रान दुभंगले. लांडगे मारल्याने हरणे वाढली, हरणांसाठी शिकारी आले आणि शिकाऱ्यांसाठी रस्ता. साखळीची पहिली कडी जोडणाऱ्यांत लिओपोल्ड स्वतः होते.

त्यांचे मत कधी बदलले?

हळूहळू. १९२४ मध्येच त्यांची विस्कॉन्सिनला बदली झाली होती. १९२८ मध्ये त्यांनी खाते सोडले आणि १९३३ मध्ये ते विस्कॉन्सिन विद्यापीठात वन्यजीव व्यवस्थापनाचे प्राध्यापक झाले. १९३६ मध्ये मेक्सिकोतील चिवावाच्या डोंगरात त्यांनी असे रान पाहिले, जिथे लांडगे होते, हरणेही होती आणि तरी जमीन धड होती. १९४४ मध्ये त्यांनी त्या मादीवर निबंध लिहिला. लांडग्यांविना राहिलेला डोंगर हरणांच्या तोंडी जातो, हे त्यात त्यांनी आपल्या हातून झालेल्या शिकारीसह मांडले.

१९३५ मध्ये वाइल्डरनेस सोसायटीच्या स्थापनेत ते सहभागी झाले. त्याच वर्षी त्यांनी विस्कॉन्सिन नदीकाठी ८० एकर कस गेलेली शेतजमीन घेतली. तिथली कोंबड्यांची खोपटी साफ करून पत्नी एस्टेला आणि पाच मुलांसह ते सुट्ट्यांत राहत आणि पाइनची हजारो रोपे लावत. २१ एप्रिल १९४८ रोजी शेजारच्या शेतात लागलेली आग विझवताना हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. वय ६१. जेमतेम आठवडाभर आधी प्रकाशकाने त्यांचे पुस्तक स्वीकारल्याचे कळवले होते. ‘अ सँड काउंटी अल्मनॅक’ हे ते पुस्तक १९४९ मध्ये आले आणि पुढे त्याच्या वीस लाखांहून अधिक प्रती खपल्या.

आज काय स्थिती आहे?

खात्याने दिलेले संरक्षण खातेच पातळ करू शकते, हा गिलाचा धडा होता. ३ सप्टेंबर १९६४ रोजी वाइल्डरनेस कायदा झाला, तेव्हा गिला पहिल्या यादीत होते. आज या कायद्याखाली ११ कोटी एकरांहून अधिक क्षेत्र आहे. तिथे तंबू ठोकता येतो, पण पायी किंवा घोड्यावरून जाऊनच. सायकललाही परवानगी नाही. १९८० मध्ये रस्त्याच्या पूर्वेकडील सुमारे दोन लाख एकर रानाला लिओपोल्ड यांचे नाव मिळाले.

मेक्सिकन लांडगे १९९८ पासून पुन्हा या भागात सोडण्यात आले. सुरुवात झाली ती अपाचे वनातून, जिथे लिओपोल्ड यांची पहिली नेमणूक होती. आता गिलाच्या डोंगरातही त्यांचे कळप आहेत. नॉर्थ स्टार रस्ता मात्र अजून तिथेच आहे.