वीस पौंडांचा हिशेब

नोटा मोजण्यात उभे आयुष्य गेलेल्या माणसाला एक खोड लागते. परदेशी नोट हाती आली की तो तिची किंमत नंतर पाहतो, आधी तिच्यावरचा चेहरा न्याहाळतो. नायजेरियाची शंभर नायरांची नोट मी प्रथम पाहिली तेव्हा माझेही असेच झाले. १९९९ साली निघालेल्या या नोटेवर एक गृहस्थ आहेत. डोक्यावर गोल टोपी, डोळ्यांवर वाटोळ्या काचांचा चष्मा, आणि मुद्रा एखाद्या कडक हेडमास्तरांची. यांचे नाव ओबाफेमी आवोलोवो.

पुढे त्यांच्याविषयी वाचत गेलो तसतसा मी गोंधळात पडलो. त्यांच्याच देशातील लाखो माणसे या चेहऱ्याला देवघरातल्या तसबिरीचा मान देतात, आणि लाखो माणसांची मने त्यांच्या नुसत्या नावाने आजही कडवट होतात. दोन्हीकडची माणसे खोटे बोलत नाहीत. मग हा माणूस होता तरी कसा?

आवोलोवोंचा जन्म ६ मार्च १९०९ रोजी नैर्ऋत्य नायजेरियातील इकेन्ने या लहानशा गावी, योरुबा समाजातील एका शेतकरी घरात झाला. ओबाफेमी अकरा वर्षांचा असताना वडील गेले आणि शाळेचा धागा तुटला. या पोराने तो पुन्हा पुन्हा जोडला. दुसऱ्यांच्या घरी गडी म्हणून राबावे, फीपुरते पैसे जमवावेत, पुन्हा शाळेत नाव घालावे, असा क्रम चालला. पुढे शिक्षक, लघुलेखक, कारकून, वार्ताहर असे नाना उद्योग झाले. शेतमालाचा व्यापार केला, मोटार वाहतूक केली. तीसच्या दशकाच्या अखेरीस धंदा साफ बुडाला आणि कर्ज डोक्यावर बसले. देणे म्हणजे काय आणि देणेकऱ्याची झोप कशी उडते, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

डिसेंबर १९३७ मध्ये हॅना या तरुणीशी त्यांचा विवाह झाला. १९४४ साली लंडन विद्यापीठाची वाणिज्य शाखेची पदवी त्यांनी घरी अभ्यास करून मिळवली आणि त्याच वर्षी कायदा शिकायला विलायत गाठली. तेव्हा मागे राहिलेला संसार हॅनाबाईंनी व्यापार करून ओढला. १९४६ साली बॅरिस्टर होऊन ते परतले. १९४९ साली त्यांनी ‘नायजेरियन ट्रिब्यून’ हे दैनिक सुरू केले आणि १९५१ साली ‘अ‍ॅक्शन ग्रुप’ हा पक्ष लोकांसमोर आणला.

तेव्हा नायजेरियावर इंग्रजांचे राज्य होते आणि देशाचे तीन प्रांत होते. उत्तरेत प्रामुख्याने हौसा व फुलानी, पूर्वेत इग्बो आणि पश्चिमेत योरुबा. १९५२ साली पश्चिम प्रांताच्या कारभाराची सूत्रे आवोलोवोंकडे आली आणि १९५४ मध्ये ते तिथले पंतप्रधान झाले. इबादान ही त्यांची राजधानी. त्याच सुमारास शिक्षणमंत्री स्टीफन अवोकोया यांनी प्रांतातील प्रत्येक मुलाला प्राथमिक शिक्षण मोफत देण्याची योजना मांडली. अधिकाऱ्यांनी माना हलवल्या. एवढे वर्ग कुठून आणणार, शिक्षक कुठून येणार, आणि मुख्य म्हणजे पैसा कुठून येणार?

पैशासाठी सरकारने शिक्षण आणि आरोग्य यांच्या नावाने करदात्यांवर साडेदहा शिलिंगांची पट्टी बसवली. लोक खवळले. शेतात राबणारी पोरे शाळेत गेली तर कोको कोण उतरवणार, हा शेतकऱ्याचा प्रश्नही काही खोटा नव्हता. १९५४ च्या मध्यवर्ती निवडणुकीत आवोलोवोंच्या पक्षाला खुद्द त्यांच्या प्रांतातच प्रतिस्पर्ध्यांपेक्षा कमी जागा मिळाल्या. दुसरा एखादा पुढारी असता तर योजना गुंडाळून मोकळा झाला असता. यांनी ती रेटली. १७ जानेवारी १९५५ रोजी शाळांची दारे उघडली. आदल्या वर्षी प्रांतात साडेचार लाखांच्या आसपास मुले शाळेत होती. ती एका वर्षात आठ लाखांवर गेली. शिक्षक अपुरे होते, त्यातले कित्येक स्वतः जेमतेम शिकलेले होते, आणि शिक्षणाचा दर्जा घसरला अशी टीकाही झाली. पण ज्या घरात सात पिढ्यांत कोणी पाटी पाहिली नव्हती, त्या घरातले पोर सही करायला शिकले. पुढे त्याच पिढीतून प्राध्यापक, डॉक्टर, इंजिनियर निघाले. आवोलोवोंच्या तसबिरीला मान मिळतो तो या घरांतून.

मोठा पैसा आला तो मात्र कोकोतून. सरकारी पणन मंडळ शेतकऱ्याकडून ठरावीक भावाने कोको घेई आणि जगाच्या बाजारात चढ्या भावाने विकी. मधली रक्कम साठत जाई. त्यातून शाळा, रस्ते, उद्योग उभे राहिले; १९५९ साली इबादानहून नायजेरियातील पहिले दूरचित्रवाणी केंद्र सुरू झाले. पण जिथे मोठी शिल्लक असते तिथे मोहही असतो. १९६२ साली मध्यवर्ती सरकारने नेमलेल्या न्यायमूर्ती कोकर यांच्या चौकशी आयोगाने ठपका ठेवला की, या मंडळाचा पैसा कंपन्यांमधून फिरवून पक्षाच्या तिजोरीत गेला. आयोगाने दोष आवोलोवोंवर टाकला आणि त्यांचे प्रतिस्पर्धी बनलेले सॅम्युएल अकिंतोला यांना निर्दोष ठरवले, त्यामुळे आयोगाच्या हेतूविषयी तेव्हाच शंका घेतली गेली. मात्र पक्षाकडे गेलेला पैसा शेतकऱ्याच्या घामाचा होता, ही गोष्ट कुठल्याही हेतूने पुसली जात नाही.

या अकिंतोलांची कथा अशी. १९५९ च्या निवडणुकीसाठी आवोलोवो प्रांताचे पद सोडून मध्यवर्ती राजकारणात गेले. प्रचाराला हेलिकॉप्टर वापरले, तरी सत्ता मिळाली नाही. १ ऑक्टोबर १९६० रोजी देश स्वतंत्र झाला तेव्हा पंतप्रधानपदी अबूबकर तफावा बालेवा होते आणि आवोलोवो विरोधी पक्षनेते. प्रांताची गादी त्यांनी आपले सहकारी अकिंतोला यांच्याकडे सोपवली होती. दोघांचे बिनसले, पक्ष फुटला, आणि मे १९६२ मध्ये इबादानच्या विधानसभेत खुर्च्या उडाल्या, पोलिसांना आत शिरून अश्रुधूर सोडावा लागला. प्रांतात आणीबाणी आली. पाठोपाठ, सरकार उलथण्याचा कट केल्याच्या आरोपावरून आवोलोवोंवर खटला उभा राहिला. खटला चालू असतानाच, जुलै १९६३ मध्ये, त्यांचा थोरला मुलगा मोटार अपघातात गेला. तोही बापासारखा वकील होता. दोन महिन्यांनी, ११ सप्टेंबर १९६३ रोजी, बापाला दहा वर्षांची शिक्षा झाली.

त्यातली तीन वर्षे भरली. जानेवारी १९६६ च्या लष्करी उठावात बालेवा आणि अकिंतोला दोघेही मारले गेले. जुलैत दुसरा उठाव झाला आणि सत्तेवर आलेल्या याकुबू गोवोन यांनी ऑगस्टमध्ये आवोलोवोंना कालाबारच्या तुरुंगातून सोडले. ही गोष्ट इथेच संपली असती तर ती एका थोर, दुर्दैवी समाजसुधारकाची गोष्ट झाली असती.

त्या वर्षी उत्तरेत हजारो इग्बोंची कत्तल झाली. वाचलेले लोक जीव मुठीत घेऊन पूर्वेकडे पळाले. मे १९६७ मध्ये आवोलोवो पूर्वेच्या राजधानीत, एनुगूला, लष्करी प्रशासक ओजुक्वू यांची समजूत घालायला गेले. उपयोग झाला नाही. ३० मे रोजी पूर्व प्रांताने बियाफ्रा हे स्वतंत्र राष्ट्र झाल्याचे जाहीर केले आणि जुलैत यादवी पेटली. आवोलोवोंनी मे महिन्याच्या आरंभी असे सूचित केले होते की, पूर्व प्रांताला बाहेर पडू दिले गेले तर पश्चिमही सोबत राहणार नाही. प्रत्यक्षात ते गोवोन यांच्या मंत्रिमंडळात अर्थखात्याचे प्रमुख झाले. इग्बोंना तो विश्वासघात वाटला. आवोलोवोंच्या बाजूचे म्हणतात की, त्यांनी बियाफ्राला साथ देण्याचा शब्द कधी दिलाच नव्हता.

युद्धकाळात त्यांनी खजिना मोठ्या काटकसरीने सांभाळला. जानेवारी १९६८ मध्ये देशाच्या नोटाच बदलून टाकल्या, त्यामुळे बियाफ्राच्या हातातील जुन्या नोटा रातोरात कागद झाल्या. त्याहून भयंकर होती ती नाकेबंदी. पोट फुगलेल्या, हातापायांच्या काड्या झालेल्या बियाफ्रन मुलांची छायाचित्रे तेव्हा जगभर पोहोचली. किती माणसे भुकेने गेली याचे अंदाज वेगवेगळे आहेत. दहा लाखांहून अधिक, असे बहुधा सांगितले जाते. उपासमार हे युद्धातले रास्त हत्यार आहे, अशा आशयाचे विधान तेव्हापासून आवोलोवोंच्या नावावर आहे. १९८३ साली त्यांनी आपली बाजू मांडली. रणभूमीच्या फेरीत आपण कुपोषित मुले पाहिली, अन्न मुलांच्या तोंडी न पडता सैनिकच पळवतात असे कळले, म्हणून ते रोखले, असा त्यांचा खुलासा होता. खुलासा ऐकून मला त्यांचा हिशेब कळतो. मात्र प्रांतभर शाळा उघडणाऱ्या माणसाला त्या मुलांचे चेहरे पाहून तो हिशेब पुढे नेता कसा आला, ते कळत नाही.

जानेवारी १९७० मध्ये बियाफ्रा शरण आला. गोवोन यांनी सूडबुद्धी न ठेवण्याची ग्वाही दिली. आणि मग आली ती वीस पौंडांची गोष्ट, जिच्यापाशी माझ्यातला बँकवाला अडखळतो.

इग्बो लोक बियाफ्राच्या नोटा घेऊन बँकांच्या दारी आले. त्यांना सांगण्यात आले की, रक्कम कितीही भरा, बदल्यात सरसकट वीस पौंड मिळतील. युद्धापूर्वी खाते होते, पण युद्धकाळात त्यात देवघेव झाली असेल, त्यांनाही हाच न्याय. कोणी आयुष्यभराची पुंजी आणली, कोणी दुकानाचे भांडवल. परत जाताना सगळ्यांच्या खिशात सारखेच वीस पौंड. आवोलोवोंचा युक्तिवाद हिशेबनिसाला साजेसाच होता. बियाफ्राच्या नोटेला देशाच्या तिजोरीत मोलच नव्हते, अनेक बँकांची दप्तरे नष्ट झाली होती, आणि ज्यांच्या खात्याची खात्री पटली त्यांचे पैसे दिले गेले. पूर्वेच्या महसुलाचा वाटा आपण राखून ठेवून नंतर चुकता केला, असेही ते सांगत. निर्णयही एकट्याचा नव्हता, सरकारचा होता. १९७१ मध्ये त्यांनी पद सोडले. १९७२ साली परदेशी कंपन्यांतील हिस्से देशी लोकांना विकण्याचा कायदा झाला, तेव्हा इग्बोंकडे ते घेण्यापुरता पैसाच उरला नव्हता.

नोव्हेंबर २०१६ मध्ये मी नोकरीत होतो. पाचशे आणि हजारच्या नोटा बाद झाल्या, त्या आठवड्यात एक म्हातारी तांदळाच्या डब्यातली पुरचुंडी घेऊन माझ्या टेबलापाशी आली. आपले पैसे आपलेच राहतील ना, एवढेच तिला हवे होते. राहतील, असे मी सांगू शकलो, कारण नोट बदलली तरी तिच्या रकमेचा आकडा खात्यात पुरता जमा होणार होता. १९७० साली एनुगूच्या काउंटरवर बसलेल्या कारकुनाला तेवढेही सांगता आले नसेल. समोरच्या माणसाच्या हातावर वीस पौंड ठेवताना तो कुठे पाहत असेल, हा विचार मला अनेकदा येतो.

१९७९ साली लष्कराने निवडणुका घेतल्या. आवोलोवो सर्व स्तरांवर मोफत शिक्षण आणि मोफत औषधोपचार यांचे वचन घेऊन उभे राहिले. शेहू शगारी यांना सुमारे ५७ लाख मते पडली, आवोलोवोंना ४९ लाख. विजेत्याला १९ पैकी दोन तृतीयांश राज्यांत किमान पाव मते हवी होती. १९ चे दोन तृतीयांश म्हणजे बारा आणि दोन तृतीयांश! शगारींना बारा राज्यांत तेवढी मते होती, तेराव्यात नव्हती. अपूर्णांकाचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि आवोलोवो हरले. लोक अजून त्या अपूर्णांकाबद्दल बोलतात. मला दुसरा आकडा जास्त बोलका वाटतो. आनाम्ब्रा आणि इमो या दोन इग्बो राज्यांत त्यांना शेकडा एकही मत मिळाले नाही. इग्बोंचे स्वतःचे नेते आझिकिवे रिंगणात होते हे खरे. तरीही वीस पौंड घेऊन परतलेली माणसे ते विसरली नव्हती.

१९८३ मध्येही ते हरले. ९ मे १९८७ रोजी इकेन्नेत त्यांचे निधन झाले. तेव्हा ओजुक्वू यांनीच त्यांना, देशाला न लाभलेला सर्वोत्तम अध्यक्ष, म्हणून गौरवले. आणि २०१२ साली थोर इग्बो कादंबरीकार चिनुआ अचेबे यांनी आपल्या आठवणींच्या पुस्तकात त्यांच्यावर उपासमारीचा ठपका ठेवला, तेव्हा नायजेरियाभर पुन्हा आग पेटली. हॅनाबाई तेव्हा हयात होत्या. २०१५ साली, शंभरी गाठायला दोन महिने उरले असताना त्या गेल्या.

अशा माणसांचे काय करायचे? बहुतेक जण दोन्ही बाजू मांडतात, वजाबाकी करतात आणि शिल्लक चांगली निघते की वाईट ते सांगतात. पण बँकेत रुजू होताच मला पहिला धडा मिळाला तो असा की, रामभाऊंच्या खात्यातली शिल्लक दाखवून शामरावांचे देणे फिटत नाही. इबादानच्या पोराला मिळालेली पाटी खरी आहे. ती त्याच्या खात्यात जमा आहे आणि कोणी ती खोडू नये. एनुगूच्या माणसाचे बुडालेले पैसेही खरे आहेत, आणि त्या पाटीने ते भरून येत नाहीत. दोन्ही खात्यांवर सही मात्र एकाच माणसाची आहे.

आवोलोवोंचा चेहरा असलेली ती नोट लागोसच्या बाजारात योरुबाही मोजून घेतो आणि इग्बोही. दोघांच्या हातात तिची किंमत सारखीच असते. एवढी सोपी गोष्ट १९७० साली झाली असती, तर या चेहऱ्याकडे पाहताना निम्म्या देशाला मान वळवावी लागली नसती.