पुन्हा गृहस्थ झालेला भिक्षू : धर्मानंद कोसंबी

वैशाखी पौर्णिमेस भगवान बुद्धांचे पूजन करताना गोमंतकाच्या या सुपुत्राचेही स्मरण होणे उचित आहे. साखवाळ येथे १८७६ साली जन्मलेल्या धर्मानंदांनी एका मराठी मासिकात बुद्धचरित्र वाचले आणि त्यांचे चित्त संसारात रमेना. १८९९ मध्ये पत्नी बाळाबाई व तान्ही कन्या यांना मागे ठेवून ते निघाले. पुणे, काशी, नेपाळ करीत १९०२ मध्ये सिंहलद्वीपी पोहोचले. तेथे पालीचे अध्ययन करून ते भिक्षू झाले. ब्रह्मदेशात ध्यानाभ्यास केला.

आम्ही कीर्तनकार निघून जाणाऱ्याच्या वैराग्याचे गुणगान करतो. मागे राहिलेलीची तपश्चर्या मात्र क्वचितच गातो! १९०६ साली चीवर ठेवून धर्मानंद पुन्हा गृहस्थ झाले. बडोद्याचे महाराज सयाजीराव यांनी महाराष्ट्रात राहून ग्रंथलेखन करण्यासाठी दरमहा ५० रुपये देऊ केले, तेव्हा कलकत्त्याची नोकरी त्यांनी सोडली.

त्यांचा जिव्हाळ्याचा ग्रंथ म्हणजे आचार्य बुद्धघोषांचा विशुद्धिमार्ग. त्यात ध्यानाची ४० आलंबने सांगितली आहेत. त्यांपैकी मैत्रीभावनेला ना अरण्य लागते, ना आसन. प्रथम स्वतःचे कल्याण चिंतावे, मग प्रियजनांचे, मग तिऱ्हाइताचे आणि शेवटी वैऱ्याचे. क्रम मोडू नये. स्वतःवर रुष्ट असलेला वैऱ्याला काय क्षमा करणार? हे ध्यानशास्त्र 'समाधिमार्ग' लिहून धर्मानंदांनी मराठी घरात आणले.

विशुद्धिमार्गाच्या संशोधित आवृत्तीसाठी ते अमेरिकेत हार्वर्डलाही गेले. ४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे त्यांनी देह ठेवला. हार्वर्डची ती आवृत्ती १९५० साली प्रसिद्ध झाली.