श्रीअरविंद : उत्क्रांती आणि श्रद्धा

१८५९ साली डार्विनचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि ईश्वराने मानव घडविला या श्रद्धेला हादरा बसला. तेरा वर्षांनी, १८७२ मध्ये, कलकत्त्यास अरविंद घोष जन्मले. पाश्चात्त्य वळणाच्या वडिलांनी त्यांना बालपणीच विलायतेस धाडले. १८९३ मध्ये ते बडोदा संस्थानच्या सेवेत रुजू झाले, तेव्हा धर्मश्रद्धेपासून ते दूरच होते. येथे अध्यापन करीत असता त्यांनी संस्कृत व मराठी आत्मसात केल्या, उपनिषदांचा अभ्यास केला. १९०८ च्या प्रारंभी विष्णु भास्कर लेले या महाराष्ट्रीय योग्याच्या मार्गदर्शनाने बडोद्यातच, अवघ्या तीन दिवसांत, त्यांचे मन निःशब्द झाले.

१९१४ पासून पाँडिचेरीच्या ‘आर्य’ मासिकात त्यांनी या वादाला निराळे वळण दिले. उत्क्रांती त्यांनी नाकारली नाही. जडात सुप्त असलेले चैतन्यच जीव आणि मन या रूपांनी उमलत जाते व मानव हा अखेरचा टप्पा नव्हे, असे त्यांनी मांडले. जीवशास्त्राला निसर्गनिवडीत असा हेतू आढळत नाही. ही मांडणी प्रयोगाने सिद्ध होणारीही नव्हे. तथापि श्रद्धा राखण्यासाठी विज्ञानाकडे पाठ फिरवावी लागत नाही, हा विश्वास १९५० मध्ये निधन पावलेल्या या तत्त्वचिंतकाने अनेकांना दिला. त्याचे बीज बडोद्यात रुजले होते.