परमुलखी शिपायाचे ऋण : जेम्स औट्रम यांचे चरित्र

जळगाव व धुळे या जिल्ह्यांतील पुष्कळ घरांतून मुले सैन्यात गेली आहेत. आपल्या देशाची पथके संयुक्त राष्ट्रांच्या वतीने कांगो, दक्षिण सुदान, लेबनॉन अशा दूरच्या मुलखांतही पहाऱ्यास गेलेली आहेत. अशा शिपायांचे उपकार कसे मानावे, हे वाचकांस उमगावे म्हणून आम्ही आज एका शिपायाचे चरित्र सांगतो. तो स्वतः परमुलखातून येथे आला होता आणि त्याचे पहिले मोठे काम आपल्याच खानदेशात झाले.

जेम्स औट्रम यांचा जन्म इंग्लंडातील डर्बीशायर परगण्यात 29 जानेवारी 1803 रोजी झाला. त्यांचे वडील नामांकित इंजिनियर होते. परंतु मूल दोन वर्षांचे असतानाच ते वारले आणि आईवर गरिबीचे दिवस आले. सोळाव्या वर्षी, म्हणजे 1819 साली, हा मुलगा कंपनी सरकारच्या लष्करात भरती होऊन मुंबईस उतरला.

खानदेश 1818 साली कंपनीच्या ताब्यात आला होता. डोंगरातील भिल्ल लोकांचे जुने हक्क बुडाले होते. उपासमारीने ते लूटमार करीत आणि सरकार त्यांजवर फौजा पाठवीत असे. औट्रम यांनीही 1825 साली प्रथम त्यांजवर तलवारच उगारली, हे लपविण्याचे कारण नाही. परंतु मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांनी भिल्लांचीच पलटण उभारण्याचे ठरविले व ते काम त्याच वर्षी या बावीस वर्षांच्या तरुणाकडे आले. धरणगाव हे त्याचे ठाणे झाले. ज्यांस काल शत्रू म्हटले त्यांच्यामध्ये औट्रम विश्वासाने वावरू लागले. ते त्यांच्याबरोबर रानात हिंडले, वाघाच्या शिकारीत त्यांच्या खांद्यास खांदा लावून उभे राहिले आणि दिलेला शब्द त्यांनी पाळला. प्रथम हाताच्या बोटांवर मोजण्याइतके लोक आले. पुढे शेकडो आले. ज्यांचा कोणी भरवसा धरीत नव्हता तेच लोक सरकारी खजिन्याचे राखणदार झाले.

औट्रम 1835 साली खानदेश सोडून गुजरातेत गेले. पुढे कित्येक वर्षांनी त्यांच्या काही जुन्या भिल्ल शिपायांस एक लहानशी मूर्ती सापडली. तिचा चेहरा आपल्या साहेबासारखा आहे असे वाटून त्यांनी ती मांडून तिची पूजा आरंभिली, अशी हकीकत त्यांच्या चरित्रात नमूद आहे. या भोळ्या लोकांस आम्ही हसत नाही. कृतज्ञता दाखविण्याची दुसरी रीत त्यांस कोणी शिकविली नव्हती. तथापि लुस्त्र येथे लोक बैल व हार घेऊन पुढे आले तेव्हा पौल व बर्णबा यांनी आपली वस्त्रे फाडली, हे आपण विसरू नये. मनुष्याचे उपकार मानावे. त्यास देव करू नये.

सन 1843 मध्ये औट्रम सिंधमध्ये होते. हैदराबादेच्या रेसिडेन्सीवर हजारो बलुची चालून आले, तेव्हा त्यांनी मूठभर शिपायांनिशी ती कित्येक तास लढविली. परंतु सिंधच्या अमीरांचा मुलूख घेणे अन्यायाचे आहे असे त्यांचे मत होते, व सेनापती नेपियर यांचा रोष पत्करून त्यांनी ते उघड मांडले. लुटीचा वाटा म्हणून सुमारे 3000 पौंड त्यांच्या नावे आले; ते स्वतःस न घेता त्यांनी धर्मादाय कामांस वाटून टाकले. बेथलेहेमच्या विहिरीचे पाणी दाविदाने ओतून टाकले, त्याची येथे आठवण होते. यावरून असे दिसते की शिपाई हुकुमाने लढतो, पण प्रत्येक लढाई न्यायाची असतेच असे नाही. म्हणून त्याचे आभार मानणे निराळे आणि युद्धाची वाहवा करणे निराळे.

सन 1857 च्या आरंभी औट्रम मुंबईची फौज घेऊन समुद्रापार इराणात गेले. तीत गोऱ्यांबरोबर आपल्या देशाचे पायदळ व स्वारही होते. बुशहरहून निघून पाऊस, चिखल व थंडी सोशीत त्यांनी मजल मारली आणि 8 फेब्रुवारी रोजी खुशाब येथे लढाई जिंकली. त्याच वर्षी लखनौच्या स्वारीत औट्रम दर्जाने वरिष्ठ होते. तरी मोहिमेचा मान हॅवलॉक यांचाच आहे असे जाणून त्यांनी आपला अधिकार बाजूस ठेविला व ते साध्या स्वयंसेवक स्वाराप्रमाणे लढले. स्वारांनी मते देऊन व्हिक्टोरिया क्रॉससाठी त्यांची निवड केली. मी तर या लोकांचा सेनापती, मला तो घेता येत नाही, अशा भावाने त्यांनी तो नाकारला. ते युद्ध याच देशाच्या लोकांविरुद्ध होते, ही गोष्ट आपण दृष्टीआड करीत नाही. पण दुसऱ्याचा मान दुसऱ्यास देणारे सेनापती विरळाच.

औट्रम 11 मार्च 1863 रोजी फ्रान्स देशातील पो या गावी वारले. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत त्यांस पुरले. लंडन व कलकत्ता येथे त्यांचे पुतळे झाले. परंतु खुशाबच्या चिखलात त्यांच्या मागे चाललेल्या साध्या शिपायांचे पुतळे कोणी उभारले? त्यांच्या आयांनी किती दिवस वाट पाहिली, हे कोणी लिहिले?

वाचकहो, आपल्या हातून पुतळे होणार नाहीत आणि ते नकोतही. आपल्या गावचा जो मुलगा दूर आहे, त्याच्या आईस लिहिता येत नसेल तर उपदेशकाने तिच्या ओसरीवर बसून तिचे पत्र लिहावे. पेरणीच्या दिवसांत त्याच्या शेतास एका दिवसाची औत-मदत द्यावी. त्याच्या बायकोचे काम कचेरीत अडले असेल तर कोणीतरी तिच्याबरोबर जावे. उपासनेत त्याचे नाव घेऊन प्रार्थना करावी. आणि तो परत आला म्हणजे शौर्याच्या गोष्टी मागण्यापूर्वी त्यास निवांत बसू द्यावे. धरणगावच्या तरुण साहेबाने भिल्लांस विश्वास दिला व त्यांनी तो आयुष्यभर स्मरला. आपल्या शिपायांसही असे स्मरण द्यावे की दूरदेशी पहारा करताना आपले घर कोणीतरी राखीत आहे, हे त्यांस ठाऊक असावे.